अभ्यास आणि उत्स्फूर्तता : जॅझवादकाच्या सर्जनशीलतेसंबंधी

कलानिर्मितीच्या कारणांचा विचार करताना संस्कृत काव्यशास्त्राने 'अभ्यासा'ला जे स्थान दिले, त्याची चर्चा आधुनिक मराठी समीक्षेत अभावानेच आढळते. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा निर्देश करून, ही तीन स्वतंत्र कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असे आवर्जून सांगितले. दंडी तर याही पुढे गेला. नैसर्गिक प्रतिभा नसली तरी श्रुत आणि यत्न यांनी उपासिलेली वाग्देवी काहीएक अनुग्रह करतेच, असा दिलासा त्याने दिला. रोमँटिक कलाविचाराच्या प्रभावाखाली पुढे प्रतिभेची चर्चा वाढली आणि अभ्यास हा उमेदवारीच्या काळातला, कालांतराने गळून पडणारा भाग मानला जाऊ लागला. साहित्याच्या बाबतीत ही उपेक्षा खपून जाते. लेखकाचा अभ्यास वाचकाच्या दृष्टीआड असतो. खोडलेले मसुदे टोपलीत जातात आणि वाचकाच्या हाती सिद्ध संहिता येते. निर्मिती आणि सादरीकरण या दोन्ही क्रिया जेथे एकाच क्षणी घडतात, त्या कलेत मात्र अभ्यासाचा प्रश्न असा बाजूला सारता येत नाही. जॅझ ही अशी कला आहे.

जॅझवादक मंचावर जे वाजवतो ते त्याच क्षणी रचले जात आहे, अशी श्रोत्याची धारणा असते. या संगीताच्या मूल्याचा मोठा अंश त्या धारणेवर उभा आहे. मग हा वादक घरी, बंद दाराआड, तासन्‌तास नेमके काय करीत असतो? मंचावर जे वाजवायचे तेच तो घोटवीत असेल, तर उत्स्फूर्ततेचा दावा पोकळ ठरतो. तसे नसेल, तर त्या परिश्रमांचे प्रयोजन काय, हे सांगावे लागते. हा पेच केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. कलावंत श्रोत्याशी, सहवादकांशी आणि स्वतःशी किती प्रामाणिक राहतो, या नैतिक प्रश्नाशी तो निगडित आहे.

जॅझविषयक लेखनाच्या प्रारंभकाळात या पेचाची दोन सोपी उत्तरे दिली गेली. फ्रेंच समीक्षक ह्यूग पानास्ये याच्या १९३४ आणि १९४२ मधील ग्रंथांतून कृष्णवर्णीय वादकाची जी प्रतिमा उभी राहते, ती सहजप्रेरणेने वाजवणाऱ्या, संस्कृतीच्या ओझ्यापासून मुक्त अशा माणसाची आहे. या गौरवात त्या वादकाचे श्रमच नाकारले गेले आहेत, हे टेड जॉइयाने १९८८ मध्ये या 'आदिमतेच्या मिथका'ची चिकित्सा करताना दाखवून दिले. दुसरे उत्तर थिओडोर अडोर्नोचे. १९३६ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या निबंधापासून १९५३ मधील लेखापर्यंत त्याने एकच आरोप निरनिराळ्या रीतीने मांडला. जॅझमधील तथाकथित उत्स्फूर्त रचना म्हणजे ठरावीक चौकटीत ठरावीक युक्त्यांची फिरवाफिरव आहे आणि व्यक्तित्वाचा तिच्यातील आभास सांस्कृतिक उद्योगाने पुरविलेला आहे, असा तो आरोप होय. एकाने अभ्यास नाकारला, दुसऱ्याने उत्स्फूर्तता नाकारली. परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन भूमिका एका गृहीतकावर मात्र एकत्र येतात : अभ्यास आणि उत्स्फूर्तता एकत्र नांदू शकत नाहीत. हे गृहीतक तपासायचे तर वादकांच्या प्रत्यक्ष सरावाकडे वळले पाहिजे.

चार्ली पार्करचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १९३६ मध्ये कॅन्सस सिटीतील एका मैफलीत सोळा वर्षांचा पार्कर वाजवताना चुकला, तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने झांज जमिनीवर फेकून आपली नापसंती सर्वांसमक्ष व्यक्त केली. पुढच्या उन्हाळ्यात ओझार्क टेकड्यांतील एका विश्रामस्थळी नोकरी करताना लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका सोबत नेऊन त्याने यंगचे वादन स्वर न् स्वर आत्मसात केले. तीनचार वर्षे आपण रोज किमान अकरा ते पंधरा तास सराव करीत होतो आणि शेजारी आईला घर सोडायला लावण्याच्या गोष्टी बोलू लागले होते, असे त्याने १९५४ मधील एका नभोवाणी-मुलाखतीत सांगितले आहे. (या सरावाला 'रियाज' म्हणण्याचा मोह मराठी लेखकाला होणे स्वाभाविक आहे. परंतु रियाजामागे गुरूची तालीम आणि घराण्याचे अनुशासन असते; पार्करचा गुरू तबकडीवर फिरत होता आणि शिष्याची चूक त्याला ऐकू येत नव्हती. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरेल.)

या सरावातून काय निष्पन्न झाले, याचा शोध टॉमस ओवेन्सने १९७४ मधील आपल्या प्रबंधात घेतला. पार्करच्या सुमारे अडीचशे एकलवादनांचे स्वरलेखन करून त्याने सुमारे शंभर स्वराकृती वेगळ्या काढल्या. पार्करचे बहुतेक वादन या आकृतींच्या जुळणीतून, विस्तारातून आणि स्थानबदलातून सिद्ध होते, असे त्याने दाखवले. अडोर्नोच्या आरोपाला हा जणू पुरावाच मिळाला, असे वाटू शकते. पण मौखिक काव्याच्या अभ्यासकाला त्यात नवल वाटणार नाही. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी होमर आणि युगोस्लाव्ह गायक यांच्या संदर्भात हेच दाखवले होते : मौखिक कवी पाठ केलेले म्हणत नाही, सूत्रबद्ध शब्दसंहतींच्या साहाय्याने तो गाता गाता रचतो. जात्यावरील ओव्यांचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना ठरलेल्या चरणार्धातून नवी ओवी कशी उभी राहते हे वेगळे सांगायला नको. सूत्र हे उत्स्फूर्ततेच्या विरोधी नाही, ती तिची भाषा आहे. आणि भाषा घोटवावीच लागते.

हे उत्तर समाधानकारक वाटते, आणि पुष्कळ अभ्यासक येथेच थांबतात. परंतु त्यातून नैतिक प्रश्न सुटत नाही. भाषा येणे आणि काही सांगण्याजोगे असणे या भिन्न गोष्टी आहेत. शंभर आकृतींवर प्रभुत्व मिळवलेला वादक आयुष्यभर त्यांची निर्दोष जुळणी करीत राहू शकतो. श्रोत्याला ते कळणारही नाही. कळेल ते फक्त त्याला स्वतःला. हात जे सहज वाजवतो ते कानाला खरोखर ऐकू आले होते का, की हाताला सवय होती म्हणून वाजले, या प्रश्नाचे उत्तर बाहेरून तपासता येत नाही. लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांना लेस्टर यंगचे एकलवादन प्रथम गळ्याने गायला लावी आणि नंतरच वाद्यावर घेऊ देई. हातांच्या सवयीवर कानाचे नियंत्रण राहावे, हा त्यामागील विचार असावा. त्याचा शिष्य ली कोनिट्झ त्याच त्या पंधरावीस जुन्या गीतांवर २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत वाजवीत राहिला. साहित्य तेच ठेवायचे आणि तयार वाक्ये मात्र टाळायची, असे व्रत त्याने घेतले होते. त्याचे वादन कित्येकदा अडखळते, क्वचित फसतेही. त्या फसण्याचे मूल्य पार्करच्या निर्दोषतेहून कमी मानावे काय, हे ठरवणे सोपे नाही.

या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स' या रचनेत दिसते. मे १९५९ मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. सोळा बारांच्या या चालीत सव्वीस कॉर्ड आहेत. स्वरकेंद्र तीन भिन्न स्थानांमध्ये फिरत राहते आणि वेग मिनिटाला सुमारे २९० ठोक्यांचा आहे. म्हणजे एका स्वरकेंद्राची जाणीव होते न होते तोच पुढचे येऊन ठेपते. कोल्ट्रेनने या मार्गावर दीर्घकाळ परिश्रम घेतले होते. निकोलस स्लोनिम्स्कीचा १९४७ मधील स्वरश्रेणींचा कोश त्याच्या सरावात होता, आणि मैफलीच्या मध्यंतरातही तो सराव करीत असे, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. त्या ध्वनिमुद्रणातील त्याचे वादन अखंड, प्रपातासारखे आहे. मृत्यूनंतर प्रकाशित झालेली अन्य मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली असता त्याच लहान चतुःस्वरी आकृती त्याच कॉर्डवर पुनःपुन्हा भेटतात. याउलट पियानोवादक टॉमी फ्लॅनगन. ही अपरिचित वाट त्या वेगाने आत्मसात करण्यास त्याला पुरेसा अवधी मिळालेला नव्हता. त्याचे एकलवादन चांगले सुरू होते, तुटक होऊ लागते, वाक्यांमध्ये अंतरे पडतात आणि अखेरीस तो केवळ कॉर्ड धरून राहतो. मग कोल्ट्रेन पुन्हा शिरतो. हे मुद्रण तसेच प्रकाशित झाले आणि जॅझच्या इतिहासातील एक मानदंड ठरले.

आता विचारावे लागते : त्या खोलीत त्या दिवशी उत्स्फूर्त रचना कोण करीत होते? शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर उत्तर फ्लॅनगन असे येते. समोर आलेल्या अनपेक्षिताला त्या क्षणी सामोरा जाणारा तोच होता. कोल्ट्रेन बऱ्याच अंशी पूर्वसिद्ध मजकूर मांडत होता. असे असूनही कोणताही जाणता श्रोता फ्लॅनगनच्या वादनाला श्रेष्ठ म्हणणार नाही, आणि म्हणू नये. अपुरेपणाला प्रामाणिकतेचे नाव देऊन त्याची पूजा बांधणे हा समीक्षेतील एक जुना भाबडेपणा आहे. कोल्ट्रेनचे वादन पूर्वसिद्ध असले तरी खोटे नाही. एखाद्या सिद्धांताची सिद्धता मांडताना गणिती जसा प्रत्येक पायरी नव्याने शोधीत नाही, पण ती पुन्हा अनुभवतो, तसे ते आहे. श्रोत्याशी त्यात प्रतारणा घडलेली नाही. प्रतारणा म्हणणे कठोर होईल, पण काही उणीव असलीच तर ती सहवादकाच्या संदर्भात आहे. फ्लॅनगन अडखळला तेव्हा कोल्ट्रेनच्या पुनरागमनात त्या अडखळण्याचा मागमूस नाही. शेजारी काय घडले हे त्या स्वरांना ठाऊकच नाही. ते त्याआधीच ठरलेले होते.

येथे अभ्यासाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक अभ्यास संचय करतो : आकृती, युक्त्या, वेग, बारा स्वरस्थानांवरील प्रभुत्व. दुसरा अभ्यास प्रतिसादाची क्षमता कमावतो; काय वाजवायचे हे त्यात घोटले जात नाही, जे ऐकू येईल त्याला उत्तर देता येईल इतके मोकळे राहणे घोटले जाते. पहिल्यावाचून दुसरा शक्य नाही, कारण ज्याच्या हाती भाषा नाही तो उत्तर कसले देणार? (फ्लॅनगनची त्या दिवशीची अडचण हीच होती.) परंतु पहिला वाढत गेला की दुसऱ्याला गुदमरवतो, हेही तितकेच खरे. जॅझवादकाची वाढ म्हणतात ती या दोहोंतील तणावाचे रोजचे व्यवस्थापन असते, आणि ते एकदा करून संपत नाही.

या दृष्टीने सॉनी रॉलिन्सचा वृत्तांत अधिक बोलका आहे, आणि समीक्षेच्या अभ्यासकाला तो काहीसा अडचणीतही टाकतो. १९५६ मध्ये रॉलिन्सने 'सॅक्सोफोन कोलोसस' ही मुद्रिका केली. पियानोवर हाच फ्लॅनगन होता. तीतील 'ब्लू सेव्हन' या वादनावर गुंथर शुलरने नोव्हेंबर १९५८ मध्ये 'द जॅझ रिव्ह्यू'च्या पहिल्याच अंकात दीर्घ लेख लिहिला. एका लहान बीजाकृतीतून सारे एकलवादन कसे उमलत जाते आणि तत्क्षणी रचलेल्या संगीतात सेंद्रिय एकात्मता कशी साधते, याचे ते विश्लेषण जॅझसमीक्षेतील मैलाचा दगड मानले जाते. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'मधील संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांशी परिचित असलेल्या वाचकाला शुलरची मूल्यदृष्टी ओळखीची वाटेल. कलाकृती ही स्वयंपूर्ण घडण आहे आणि तिचे मूल्य अंतर्गत संबंधांत आहे, हेच दोहोंचे गृहीत आहे. पुढे २०१४ मध्ये बेंजामिन गिव्हनने दाखवून दिले की, शुलरने त्या वादनाची खास बीजे मानलेल्या आकृती रॉलिन्सच्या अन्य मुद्रणांतही आढळतात. त्या त्याच्या नित्याच्या शब्दसंपदेचा भाग होत्या. घडण शोधणाऱ्या समीक्षकाने ती शोधून काढली, पण सवयीला योजना समजून.

रॉलिन्सवर या लेखाचा काय परिणाम झाला, हे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. लेखाने तो आत्मजाणिवेच्या विळख्यात सापडला आणि स्वतःविषयीची समीक्षा वाचायची नाही असे त्याने ठरवले. समीक्षेने कलावंताला त्याची पद्धत दाखवून दिली. आता ती पद्धत त्याला जाणूनबुजून वाजवावी लागणार किंवा जाणूनबुजून टाळावी लागणार. दोन्हींत प्रतिसादाचा बळी जातो. समीक्षा कलावंतासाठी लिहिली जात नाही, वाचकासाठी लिहिली जाते, असे म्हणून हा प्रश्न टाळता येईल. पण एखाद्या गुणग्राहक लेखाने नेमक्या त्या गुणालाच इजा पोचवावी, ही गोष्ट समीक्षेच्या निरुपद्रवीपणाविषयीचा विश्वास डळमळीत करते.

१९५९ च्या उन्हाळ्यात, कीर्तीच्या शिखरावर असताना, रॉलिन्सने मैफली थांबवल्या. आपण लौकिकाला पुरे पडत नाही, अशी त्याची भावना होती. न्यूयॉर्कच्या ग्रँड स्ट्रीटवरील घरात सराव सुरू झाला, तेव्हा शेजारच्या गर्भवती स्त्रीला सॅक्सोफोनच्या आवाजाचा त्रास होईल या जाणिवेने तो जागा शोधू लागला आणि जवळच्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर पोचला. १९६१ च्या अखेरीपर्यंत, सर्व ऋतूंत, कधी दिवसाला पंधरा तासांपर्यंत त्याने तेथे सराव केला. या घटनेची दंतकथा झाली आहे आणि दंतकथेत एकाकी तपस्वी दिसतो. वास्तविक या प्रसंगाच्या मुळाशी शेजारीण आहे. लेखकाचा अभ्यास निःशब्द असतो. वादकाचा अभ्यास दुसऱ्याच्या कानावर आदळतो. पार्करच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली होती, रॉलिन्सने तक्रारीआधीच घर सोडले. शिवाय या काळात घरखर्च पुष्कळसा त्याची सहचरी ल्युसिल हिच्या नोकरीवर चालला. कलावंताच्या माघारीची किंमत कोण मोजते, ही बाब अशा वर्णनांत सहसा तळटीपेत ढकलली जाते. पूल तरी एकांताची जागा कुठे होता? शेजारून आगगाडीचा खडखडाट, खालून बोटींचे भोंगे. त्या भोंग्यांना आपण वाद्यावर उत्तर देत असू, असे रॉलिन्सने सांगितले आहे. संचयासाठी बंद खोली सोयीची असते. प्रतिसादाच्या अभ्यासासाठी पूल बरा.

तो परतला तेव्हा जॅझचे जग पालटले होते. ऑर्नेट कोलमन १९५९ च्या नोव्हेंबरात 'फाइव्ह स्पॉट'मध्ये येऊन गदारोळ उडवून गेला होता. कोल्ट्रेनने स्वतःचा संच उभारला होता. दोन वर्षांच्या तपश्चर्येतून काही अपूर्व बाहेर पडेल अशी अपेक्षा होती. १९६२ मध्ये आलेल्या 'द ब्रिज' या मुद्रिकेत जिम हॉलच्या गिटारची साथ होती, पियानो नव्हता, आणि रॉलिन्स पुष्कळसा पूर्वीसारखाच वाजवीत होता. काही समीक्षकांची निराशा झाली. ही निराशा उद्बोधक आहे. वाढ म्हणजे दृश्य नावीन्य, आणि सरावाचे फलित म्हणजे नवी शैली, असा हिशेब तिच्यामागे आहे. भट्टतौताने प्रतिभेला नवनवोन्मेषांशी जोडले हे खरे, पण तो उन्मेष ग्राहकाच्या डोळ्यांत भरलाच पाहिजे असे त्याने म्हटलेले नाही. 'द ब्रिज' ध्यानपूर्वक ऐकली तर बदल स्वरांत नसून स्वरांमधल्या अवकाशात आहे : हॉलच्या विरळ कॉर्डमधून रॉलिन्स वाट काढतो, थांबतो, हॉलने सोडलेला धागा उचलतो. शुलरच्या पद्धतीने एकट्या रॉलिन्सचे स्वर कागदावर उतरवले तर हे हाती लागणार नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉलिन्स काही महिने मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला. स्थिर बसून ध्यान साधत नाही, अशी अडचण त्याने तेथे मांडली, तेव्हा तुझे वाजवणे हेच ध्यान आहे असे उत्तर त्याला मिळाले, हे त्याने नंतर सांगितले आहे. याचा अर्थ सराव पवित्र आहे असा घेण्याची घाई करू नये; त्यातून फार तर एवढे कळते की, सराव कशासाठी हा प्रश्न त्याच्या बाबतीत पुलानंतरही मिटलेला नव्हता. श्वसनाच्या विकाराने वादन थांबेपर्यंत, म्हणजे २०१० नंतरच्या दशकापर्यंत, तो सराव करीतच राहिला. त्याच्या टिपणवह्यांतील निवडक भाग २०२४ मध्ये ग्रंथरूपाने आला आहे. बोटे, श्वास, दातांची ठेवण यांविषयीच्या रुक्ष नोंदी आणि आत्मपरीक्षण त्यात एकमेकांना खेटून येते. या वह्या वाचणाऱ्याला तंत्र आणि नीती यांच्यामधली रेषा आखणे जड जाईल.

दरम्यान जॅझचे शिक्षण विद्यापीठांत गेले. १९६७ पासून जेमी एबरसोल्डने सरावासाठी केवळ साथसंगतीच्या मुद्रिका काढल्या. विद्यार्थी त्यांवर एकट्याने आपले वादन चढवू शकतो. त्यांनी असंख्य वादकांना भाषा दिली, ज्यांच्या गावात पियानोवादक नव्हता अशांना तर विशेषच. पण ही साथ ऐकत नाही. पार्करच्या तबकडीप्रमाणे तिलाही चूक कळत नाही, आणि विद्यार्थ्याने काही अनपेक्षित सुचवले तरी तिचा पुढचा कॉर्ड ठरलेलाच असतो. 'जायंट स्टेप्स' आज अशाच साथीवर बारा स्वरस्थानांतून घोटली जाते. जगभरच्या परीक्षांतील ती एक कसोटी झाली आहे. कोल्ट्रेनने जे पूर्वसिद्ध केले होते ते आता अभ्यासक्रम म्हणून पूर्वसिद्ध मिळते. या सरावाला प्रतिसादाची जोड कोठून मिळणार, याचे उत्तर अभ्यासक्रम देत नाही.

फ्लॅनगन त्या रचनेकडे पुन्हा गेला. १९८२ मध्ये, कोल्ट्रेनच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, त्याने जॉर्ज म्राझ आणि अल फॉस्टर यांच्यासह कोल्ट्रेनच्या स्मृतीला वाहिलेली मुद्रिका केली आणि तिला 'जायंट स्टेप्स' हेच नाव दिले. बावन्नाव्या वर्षी टाकलेले हे पाऊल जुन्या अपयशाची भरपाई होती, असे अनेकांनी मानले. तसे असेलही. त्या मुद्रणात सव्वीस कॉर्ड त्याच्या हाताखाली आहेत, अंतरे आता त्याने स्वतः ठेवलेली आहेत, आणि त्या अंतरांत म्राझचा बास स्पष्ट ऐकू येतो.